जुना पीएस४ विकून ५० हजारांत गेमिंग पीसी जुळवावा का? सोलापुरात राहून जमतं का?

तुम्ही लिहिलंय की पीएस४ हा गेम कन्सोल आता दमलाय, धाकट्या भावाला कॉलेजसाठी कॉम्प्युटर लागणारच आहे, हातात ५० हजार आहेत आणि पुण्यातले एक नातेवाईक पार्टची यादी करून देतो म्हणालेत. हे शेवटचं वाचलं आणि हात धुऊन लिहायलाच बसलो.

यादी घ्या, नातेवाईकांचा मान ठेवा. फक्त त्यात एसएमपीएसपुढे, म्हणजे पीसीच्या सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे, काय लिहिलंय ते आधी बघा. 'लोकल चालेल' असं असेल तर यादी हात जोडून परत करा.

का, ते सांगतो.

आमचं घर अशोक चौकाच्या मागच्या अंगाला. खाली टॉवेलचे माग, वर आम्ही, आणि त्यावर पत्र्याची एक खोली. ती माझी. पीएस४ मी २०१७ साली घेतला. पहिली दोन वर्षं मस्त गेली. मग त्याच्या पंख्याचा आवाज असा चढला की खालचे माग बंद झाले तरी कळायचं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात तो मॅचच्या मध्यावर गरम होऊन बंद पडायला लागला. एका रविवारी उघडला. त्याला चांदणीच्या तोंडाचे स्क्रू असतात, साधा पेचकस चालत नाही, त्यासाठी नवीपेठेत दोन चकरा झाल्या. आत हीटसिंकच्या पात्यांवर धूळ नव्हती, तूस होतं. नखानं कडा सोडवली तर रुमालासारखा अख्खा तुकडा निघून आला. अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला, खिडकीपाशी नेला आणि आडवा धरून बघितला. वरचा थर गुलाबी, त्याखाली पांढरा, त्याखाली मळका निळा.

"हा गुलाबी म्हणजे हैदराबादची ऑर्डर," अण्णा म्हणाले. "निळा हॉटेलवाल्याचा. त्याचे पैसे यायचेत अजून."

तेव्हा यात कन्सोलचा काही दोष नाही. आमच्या घरात माणसंसुद्धा टॉवेल श्वासात घेतात. पण मी पीसीकडे वळलो तो त्या तुकड्यामुळं. कॅबिनेटची बाजू हातानं स्क्रू फिरवून निघते, पुढची जाळी महिन्याला झटकता येते. ग्राफिक्स-बिफिक्स नंतर. ज्यांच्या घरात माग आहेत, पिठाची गिरणी आहे किंवा रस्त्याची धूळ येते, त्यांनी पीसी घ्यायचं माझ्या मते हे पहिलं कारण.

आता दादा. म्हणजे माझा आतेभाऊ. पुण्यात आयटीत आहे, आणि आयटीत आहे म्हणजे त्याला विजेतलंही कळतं हे आमच्या घरात त्याच्या पहिल्या पगारापासून गृहीत आहे. पुण्याला गेल्यावर त्याच्या तोंडातलं सोलापुरी 'बे' गेलं. भांडताना मात्र परत येतं.

त्याची यादी वाईट नव्हती, हे कबूल करतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एसएसडी आणि वापरलेलं आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड, ८ जीबीवालं. कार्डाबाबत तो शंभर टक्के बरोबर होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक कार्डं राबवून ते डिजिटल चलन कमवायचा धंदा, थांबलं आणि मायनिंगवाल्यांनी कार्डं ढिगानं बाजारात काढली. दोन वर्षं ज्यांच्याकडे बघायची सोय नव्हती ती कार्डं हाताला लागली. मला साडेआठ हजारांत पडलं. पीएस४ ची ग्राफिक ताकद १.८४ टेराफ्लॉप, या कार्डाची सहाच्या वर. मॉनिटर नको, हॉलमधला टीव्ही होताच.

आणि यादीच्या तळाशी: 'एसएमपीएस, लोकल, ५०० वॅट, ११००'.

मी म्हटलं, दादा, कंपनीचा घेऊ, ३९०० चा आहे. तो म्हणाला, "अरे, डबा आहे तो. डब्यात कशाला पैसे घालतोस? ते २८०० एसएसडीत घाल, गेम लवकर उघडतील." मी ऐकलं. एसएसडी १ टीबीची झाली.

कार्ड आणि बोर्ड पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं आणले, दोन्ही आमच्याच टॉवेलात गुंडाळून मांडीवर. बाकीचं सोलापुरात घेतलं. एका रात्रीत जुळवलं, दादा व्हिडिओ कॉलवर. त्या डब्यातून कार्डासाठीची आठ पिनांची वायर येतच नव्हती. दुकानदारानं जुन्या चार पिनांच्या वायरीला लावायचा एक जोड दिला. मी तो कॅमेऱ्यासमोर धरला तर दादा म्हणाला, "बसतोय ना? मग झालं." हे वाक्य लक्षात ठेवा.

पीसी चालू झाला. २०२० च्या मे महिन्यात एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानानं जीटीए ५ फुकट वाटला होता. तेव्हा माझ्याकडं पीसी नव्हता, पण ऑफिसच्या लॅपटॉपवरून खात्यात टाकून ठेवला होता. जवळजवळ तीन वर्षांनी तो उघडला. अण्णा सुद्धा वर येऊन दहा मिनिटं बघत बसले. गाडी चालवताना सिग्नल पाळ म्हणाले.

हे सुख दोन महिने टिकलं. एप्रिल २०२३, दुपारी तीनचा सुमार, बाहेर बेचाळीस, पत्र्याखाली किती ते विचारू नका. लाईट गेली होती ती आली, खाली माग एकदम सुरू झाले, आणि मी क्षणाचीही वाट न बघता बटण दाबलं. गेम चढला, पाचेक मिनिटं झाली. मग 'फट्'. नारळ फुटल्यासारखा. टीव्ही काळा, आणि सडक्या मासळीसारखा वास. अण्णांना वाटलं मोटर जळाली. त्यांनी खाली सगळे माग थांबवले आणि एकेका मोटरीवर हात ठेवून बघत बसले. त्या अर्ध्या तासाचे टॉवेल ते आजही माझ्या नावावर मांडतात.

एसएमपीएस गेला आणि जाताना बोर्ड घेऊन गेला. प्रोसेसर, रॅम, कार्ड वाचलं, ते माझं नशीब. बोर्ड साडेसहा हजारांचा. जळका बोर्ड वॉरंटीत बसत नाही, हे तो घेऊन पुण्याला गेल्यावर समजलं. म्हणजे २८०० वाचवायला साडेसहा हजार आणि रेल्वेचं तिकीट.

दादाचा निकाल फोनवरच लागला. "सोलापूरचा करंटच तसाय बे! त्याला एसएमपीएस काय करणार?" घरात सगळ्यांना पटलं. आत्याला पटलं, अण्णांना पटलं, माझ्या बायकोलाही पटलं. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, आला की होम मैदानावर पाळण्याखाली उभं राहून तो लोकांना सांगायचा, "याच्याकडं कॉम्प्युटर नाही, फटाका होता."

मग एक दिवस भंगारवाला आला. मी तो डबा बाहेर काढला. त्यानं हातात घेतला, वजन बघितलं आणि परत दिला. "यात काही नाही हो, रिकामाच हाय." तेव्हा पहिल्यांदा मी तो उलटा करून त्याचं लेबल नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरात ५००. खाली बारीक तक्ता, त्यात १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर.

१२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळं जेवण त्या १२ व्होल्टच्या लायनीवरच जेवतात. बाकीच्या लायनींच्या बेरजा मारून ५०० लिहिलं काय किंवा हजार लिहिलं काय, उपयोग शून्य. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅट मागतं, रायझन ५६०० धरला ६५ चा, झाले अडीचशे. कागदावरच ऐंशी वॅट कमी पडत होते. दोन महिने चाललं कसं, तर मी तोवर हलके, जुने गेम खेळत होतो म्हणून.

लेबलचा फोटो काढून गुणाकारासकट घरच्या ग्रुपवर टाकला. आत्यानं नमस्काराचे हात पाठवले. दादाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "आणि अर्थिंग?"

त्याच्याकडं येतो. आधी तुमचं.

५० हजारांत होतं, पण माझ्या २०२३ च्या किमतींवर जाऊ नका. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयवाल्यांच्या मोठमोठ्या सर्व्हरांनी सगळी मेमरी ओढून घेतली. डीडीआर५ या नव्या रॅमच्या नादी न लागता जुन्या डीडीआर४ वरच राहा, वापरलेली रॅम घ्यायला लाजू नका, ती सहसा बिघडत नाही. प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा आय३ १२१००एफ. कार्ड आरएक्स ६६००. ते १३२ वॅटवर भागतं आणि ५८० ला कितीतरी मागं टाकतं, वापरलेलं मिळालं तर उत्तम. आज ५८० घेऊ नका, मायनिंगमध्ये राबून ती बिचारी म्हातारी झालीत. वापरलेला बी४५० बोर्ड घेणार असाल तर त्याचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० मालिकेसाठी अपडेट केलंय का, ते विकणाऱ्याकडं चालू करून बघा. आणि ५६००जी हा आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन 'कार्ड नंतर टाकू' म्हणणाऱ्यांचं 'नंतर' मी अजून आलेलं बघितलं नाही.

एसएमपीएस ५५० वॅटचा, ब्राँझ शिक्क्याचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), पाच वर्षं वॉरंटीचा. दुकानातच लेबल वाचा. १२ व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा चाळिशीच्या वर हवा. कार्डाची वायर त्याचीच हवी, जोड नको. दुकानदार म्हणेल बसतोय. बसू दे.

सोलापुरात रॅम, एसएसडी, कॅबिनेट, यूपीएस आरामात मिळतं. कार्डाला मात्र निवड नसते, दुकानात जे असेल ते. मी कार्ड आणि बोर्ड बाहेरून आणतो, पण एसएमपीएस इथूनच घेतो, पक्क्या बिलावर. बिघडला तर उठून दुकानात जाता येतं. यूपीएस घेताना ६०० व्हीएवाला घेऊ नका, त्यातून साधारण ३६० वॅटच निघतात. ११०० च्या आसपासचा बघा.

आता दोन गोष्टी ज्या खरं तर सुरुवातीला लिहायला हव्या होत्या. एक, ५० हजारांत पीएस५ च्या तोडीचा पीसी होत नाही. कन्सोलवाले खोक्यावर फारसं कमवत नाहीत, गेमवर वसूल करतात. पीसीत प्रत्येक पार्टवाला आपापला नफा लावतो. तुम्हाला फक्त मित्रांना बोलावून फुटबॉल खेळायचा असेल आणि भावाच्या कॉलेजचं काही अडत नसेल, तर हे सगळं सोडा आणि कन्सोलच घ्या. दोन, डिस्कचा व्यवहार संपतो. पीएस४ वर मी गेम संपवून डिस्क विकायचो, घातलेल्यातले निम्मे पैसे परत यायचे. पीसीवर गेम खात्याला चिकटतो, विकता येत नाही. सेलमध्ये स्वस्त मिळतो, ते वेगळं. आणि पीएस४ वर सेव्ह केलेले डाव बहुतेक गेममध्ये पीसीवर येत नाहीत, तिथं शून्यापासून सुरुवात.

तर अर्थिंग.

'फट्' झाल्यावर महिन्याभरानं वायरमन बोलावला होता. त्यानं होल्डरला बल्ब लावला, एक वायर फेजला, दुसरी तिसऱ्या भोकाला. बल्ब लागलाच नाही. पत्र्याच्या खोलीतली तिसरी पिन नुसती शोभेची होती, मागे वायरच नव्हती. त्याआधी दोन महिने कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. आम्ही त्याला शॉक म्हणत नव्हतो, "थोडं थोडं लागतं" म्हणायचो. माग एकदम सुरू झाले की वरचा बल्ब मिचकायचा तेही खरं. मग अंगणात खड्डा काढून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं, तेव्हापासून मुंग्या गेल्या. म्हणजे दादाचं अगदीच चुकलेलं नव्हतं. पण १६८ म्हणजे १६८, ते पुण्यातही १६८ च असतात. अर्थिंगचं हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही कुठं बोलू नका. तुमच्याकडं मात्र पीसी यायच्या आधी ती बल्बची चाचणी वायरमनकडून करून घ्या. स्वतः करू नका.

शेवटचं, पीएस४ विकाल तेव्हा त्याचा खेळायचा रिमोट ठेवून घ्या. तो पीसीला केबलनं किंवा ब्लूटूथनं जोडता येतो, स्टीम या पीसी गेमच्या दुकानाच्या ॲपमध्ये लगेच ओळखला जातो. रिमोटशिवाय हजारभर कमी आले तर येऊ देत. मी दोन्ही विकून बसलो होतो. सध्या वापरतोय तो दादाचा आहे, गेल्या गड्ड्याला आला होता तेव्हा विसरून गेला. त्यानं मागितलेला नाही.