बोल्ट आमचा, धूर स्टील प्लांटचा, मग कार्बनचा हिशोब कुणी द्यायचा?

प्रश्न: वाळूज एमआयडीसीत आमचं नट-बोल्टचं छोटं युनिट आहे, वर्षाला दोन-तीन कंटेनर जर्मनीला जातात. आता तिकडचा बायर कार्बनचा डेटा मागतोय. हा युरोपचा कार्बन टॅक्स आम्ही भरायचा का? ५० टनांच्या आत माफी आहे म्हणे. आणि शेडवर सोलर बसवलंय, त्याचा काही फायदा?

उत्तर: सीबॅमचे, म्हणजे युरोपात येणाऱ्या मालावरच्या या कार्बन कराचे पैसे तुम्ही नाही, युरोपातला इम्पोर्टर भरतो, पण तो ते तुमच्या रेटमधूनच वसूल करायला बघणार, त्यामुळे डेटा द्यायचा कंटाळा करू नका. ५० टनांची माफी आहे खरी पण ती त्या इम्पोर्टरला, म्हणजे जगभरातून त्याने वर्षात मागवलेलं स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत सगळं मिळून ५० टन. त्याची एकूण आयात त्याच्या वर गेली, की तुमच्या दोन-तीन कंटेनरनाही माफी नाही.

सोलरचं सांगताना वाईट वाटतं, कारण तुम्ही चांगलं काम केलंय, पण स्टीलच्या वस्तूंसाठी सध्या विजेचं उत्सर्जन धरतच नाहीत.  खरा बोजा वायर रॉडचा, म्हणजे ज्या स्टीलच्या सळईपासून तुम्ही बोल्ट करता तिचा. कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसचं स्टील म्हणजे टनामागे दोन टनांच्या वर सीओटू, भंगार वितळवून केलेलं असेल तर खूपच कमी.

हे असं का, तर युरोपात २००५ पासून कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने लागतात, पण स्टीलवाले बाहेर पळू नयेत म्हणून त्यांना बरेचसे फुकट द्यायचे. ते फुकटचे आता २०२६ ते २०३४ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद होतायत आणि तेवढा भार आयात मालावर चढतोय. पहिल्या वर्षी फक्त अडीच टक्के, असं ऐकून लोक निवांत बसलेत, तिथेच फसायला होतं! समजा बेंचमार्क, म्हणजे युरोपने टनभर स्टीलमागे धरलेलं प्रमाणित उत्सर्जन, १.४ टन आहे आणि तुमचं स्टील २.४ चं, तर वजावट मिळते ती बेंचमार्कच्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांची, वरच्या पूर्ण एक टनाचे पैसे पहिल्याच वर्षापासून लागतात.

उगमाच्या देशात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर ती वजा होते, हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण आपल्या कार्बन क्रेडिट योजनेत टार्गेट उत्पादनाच्या टनामागे आहे, ते गाठलं की खिशातून काहीच जात नाही, मग वजा काय करणार? पैसा ब्रसेल्सला जाण्यापेक्षा इथेच राहून आपल्या भट्ट्या सुधारायला लागावा असं मनापासून वाटतं, त्यासाठी इथे खरी किंमत लागायलाच हवी.

तोवर तुम्ही एवढं करा, पुढच्या पीओमध्येच (खरेदी ऑर्डरमध्ये) अट टाका की मिल टीसीसोबत (स्टील मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटसोबत) त्या प्लांटचा व्हेरिफाय केलेला उत्सर्जनाचा आकडाही हवा, नाहीतर तिकडे डिफॉल्ट आकडा लावतात आणि तो मुद्दाम चढाच ठेवलेला असतो.