काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या ऑनलाइन व्हिडिओ गेममध्ये सलग हरल्यावर चिडचिड होते. सराव कसा करावा?
या खेळात साधारण समान रेटिंगचे (जिंकण्या-हरण्यावरून ठरणाऱ्या गुणांकाचे) प्रतिस्पर्धी समोर आणले जातात, त्यामुळे दीर्घकाळात निम्म्याच्या आसपास सामने हरणे हा त्या रचनेचाच परिणाम आहे, हे आधी मान्य करावे. रेटिंगकडे पाहण्याऐवजी आठवडाभर एकच कौशल्य घोटावे, उदाहरणार्थ गोळी झाडण्यापूर्वी थांबणे, कारण धावताना झाडलेल्या गोळ्या भरकटतात. हरलेल्या सामन्याचा डेमो (रेकॉर्डिंग) राग ओसरल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी पाहावा आणि आपण प्रत्येक वेळी का मारले गेलो एवढेच नोंदवावे. सहकाऱ्यांच्या चुका मोजण्याचा मोह मोठा असतो, पण त्यातून हाती काहीच लागत नाही. सलग दोन पराभव झाल्यास रेटिंगचे सामने त्या दिवसापुरते थांबवावेत. जागरण करून केलेला सराव मला तरी निरुपयोगी वाटतो, कारण थकव्याने प्रतिक्रिया मंदावते.