पाच वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची?

औद्योगिक वसाहतीलगत राहणारे एक वाचक लिहितात, की शेजारच्या रासायनिक कारखान्याचा घशाला झोंबणारा वास सात वर्षांपासून येतो, वडिलांना दम्याचे निदान होऊन चार वर्षे सात महिने झाले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने तक्रारींची दखल घेतली नाही. आता भरपाई मिळेल का? डोंबिवली, तळोजा, चंद्रपूर इथूनही अशीच पत्रे येतात.

सारे अडते ते राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, 2010च्या कलम 15(3)पाशी. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या या न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज तिचे कारण ‘प्रथम’ उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. सबळ कारण दाखवल्यास फार तर 60 दिवस वाढवून मिळतात, त्यापुढे एकही नाही. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पाच महिने आहेत, आणि तेही निदानाच्या दिवसापासून मोजले तर. कारखान्याचे वकील सात वर्षांपूर्वीच्या वासापासून मोजायला सांगतील. तो वास लपवू नका. दोन्ही तारखा स्वतंत्रपणे लिहा आणि मागणी आजाराच्या भरपाईची असल्याने तिचे कारण निदानाच्या दिवशीच उद्भवले, असे मांडा. ते मान्य होईलच, अशी हमी मी देत नाही. पण त्यासाठी निदानाची तारीख असलेले पहिले डिस्चार्ज कार्ड हवेच.

तुम्ही पाठवलेल्या अकरा तक्रारींपैकी एकीवरही आवक क्रमांक किंवा पोचेचा शिक्का नाही. इतक्या वर्षांत एकदाही पोच का घेतली नाही, हे मला खरोखर समजत नाही. शिवाय तक्रार पडून राहिली म्हणून मुदत थांबत नाही. कारखान्याच्या पाहणीचे अहवाल आणि बजावलेल्या नोटिसा माहितीच्या अधिकारात आजच मागा, मात्र उत्तराच्या 30 दिवसांसाठी मुख्य अर्ज अडवून ठेवू नका.

वास बंद करण्याच्या मागणीला याच अधिनियमाच्या कलम 14मध्ये सहाच महिन्यांची मुदत आहे. चालू राहिलेल्या प्रदूषणाला ती कशी लावायची, यावर एकमत नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रव दूर करण्याची मागणी स्वतंत्रपणे करता येईल.

सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव होईपर्यंत थांबण्याचा तुमचा विचार सोडून द्या. इजा वडिलांना झाली आहे, तेव्हा अर्जदार तेच असावेत; वकालतनाम्यावर त्यांची सही याच आठवड्यात घ्या आणि अर्ज न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे दाखल करा.