थंडीत आईचे गुडघे आखडतात, तेल लावावं का?

तुमच्या आईंचं वय 72, डिसेंबर लागला की सकाळी गुडघे आखडतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी गुडघ्याला हात लावून बघा. गरम लागतो, सुजलाय? मग तेल नको. आयुर्वेद अशा दुखण्यात आमवाताची, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आजाराची, शंका घेतो आणि वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक देतो. सोबत ताप असेल तर घरी काही न करता थेट डॉक्टर गाठा.

सूज नाही, उठताना नुसती कटकट होते, तर तो बहुधा संधिगत वात, म्हणजे सांध्यांची झीज. उतारवयात वात वाढतोच, त्यात आपली नाशिकची कोरडी थंडी! तिळाचं तेल कोमट करून आंघोळीआधी 15 मिनिटं हलक्या हाताने जिरवा, मग निर्गुंडीचा पाला उकळून त्या पाण्यात फडकं पिळून शेका. माझ्या सासूबाईंना यामुळे सकाळी जिना उतरणं खूप सोपं जातं. फडकं आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. मधुमेह असलेल्यांना कधीकधी चटका कळतच नाही.

गुग्गुळाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मुळीच नाही. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. चालू औषधांची चिठ्ठी घेऊन तिथे दाखवा.