'काय हिरो, सध्या काय चालू?'

*मावशी, मी २४ वर्षांचा, डोंबिवलीचा. वयाच्या सातव्या वर्षापासून अकराव्यापर्यंत एका रोजच्या मालिकेत खोडकर नातवाचं काम केलं. बाबांनी माझ्यासाठी पतपेढीतली नोकरी सोडली, रोज मला घोडबंदरला शूटिंगला नेलं. मालिका संपली, आवाज फुटला, कामं बंद. आता चार वर्षं ऑडिशन्स देतोय. कास्टिंगवाले 'अरे, तू तर तो!' म्हणतात, सेल्फी काढतात आणि नंतर फोन करत नाहीत. टीवाय बीकॉमच्या दोन केटी राहिल्यात, म्हणजे दोन विषय सुटायचे बाकी. शेजारचे काका भेटले की विचारतात, 'काय हिरो, सध्या काय चालू?' तेव्हाच्या पैशांचं काय झालं हे बाबांना विचारायचं धाडस होत नाही. राहतं घर त्यातूनच झालं, असं आई एकदा बोलून गेली. मी प्रयत्न सोडून देऊ का?*

अरे,

पत्राखाली तू स्वतःचं नाव घातलंच नाहीस, मालिकेतल्या त्या नातवाचं घातलंस. ते मी छापत नाही आणि त्या नावानं तुला हाकही मारणार नाही. त्या नावाच्या हाका तुला पुरून उरल्यात.

मूळ पत्र पाच पानांचं आहे, इथे कापून दिलंय. त्यात अभिनयाबद्दलची वाक्यं मोजली तर सहा भरली. बाबांबद्दल दीड पान: ते सेटबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तुझा गृहपाठ तुझ्या अक्षरात कसा लिहायचे, मालिका बंद झाल्याचा फोन आला तेव्हा गॅलरीत किती वेळ उभे होते. कसली भूमिका करावीशी वाटते, कुणाचं काम बघून रात्री झोप लागली नाही, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून आधी मीच विचारते: या ऑडिशन्स कोण देतंय? तू, की पतपेढीतली ती नोकरी?

सात वर्षांचं पोर कुणाला नोकरी सोडायला लावत नाही. तो निर्णय एका मोठ्या माणसानं घेतला, बहुधा प्रेमानं, थोडा हौसेपोटी, थोडं गणित मांडूनही. बरा की वाईट, ते मी ठरवत नाही. पण ती उधारी तुझ्या नावावर नाही.

आता कामाचं. मी काही वर्षं मुलांच्या नाट्यशिबिरांत होते, आणि एका भाचीबरोबर दोन-तीनदा मालिकेच्या सेटवरही जाऊन बसलेय. पोरांचं काम तिथं कसं होतं ते तुला माझ्याहून जास्त माहीत. असिस्टंट कॅमेऱ्यामागून वाक्य बोलतो, पोर त्याच सुरात परत बोलतं. रडायचा सीन असला की कुणीतरी कानात सांगतं, 'आई गेली बघ घरी.' माझ्या भाचीला तसंच रडवलं. एका टेकमध्ये ओके झालं, युनिटनं टाळ्या वाजवल्या, आणि पुढचे आठ दिवस ती आईला बाथरूमलाही एकटीला जाऊ देईना.

तुझ्यात गुण नव्हता असं नाही. धीटपणा होता, कान तयार होता. पण कागदावरचं माणूस वाचून उभं कसं करायचं हे तुला कुणी शिकवलं नाही, कारण तेव्हा गरजच पडली नाही. चोविसाव्या वर्षी तू 'अनुभवी' म्हणून आत जातोस आणि कॅमेऱ्यासमोर नवशिका उभा राहतो. समोरच्याला ते दिसतं. सांगायचं कसं, म्हणून तो सेल्फी काढतो.

लोक तुला सचिन पिळगावकरांचं उदाहरण देत असतील. देऊ देत. राजा परांजप्यांच्या सिनेमात चिमुरड्या वयात आलेला मुलगा १९७५ साली 'गीत गाता चल'चा नायक होतो आणि पुढे दिग्दर्शकही होतो, हे रोज घडत नाही. मला 'मासूम'मधली दोन मुलं जास्त आठवतात. सिनेमा १९८३चा. त्यातली छोटी ऊर्मिला मातोंडकर 'रंगीला'त झळकली ती १९९५ साली. मधल्या बारा वर्षांत तिनं कामं केली, पण ती वर्षं कुणी मोजत नाही. त्याच सिनेमातला, सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झालेला जुगल हंसराज. मोठेपणी नायकही झाला, ती गाडी फार लांब गेली नाही. मग त्यानं २००८ साली 'रोडसाइड रोमिओ' हा ॲनिमेशनपट दिग्दर्शित केला, मुलांसाठी पुस्तकं लिहिली. आणि 'सलाम बॉम्बे'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला शफीक सय्यद पुढे बंगळुरात रिक्षा चालवत होता. वर्तमानपत्रं ती हकिकत शोकांतिका म्हणून छापतात. रिक्षा चालवून संसार करण्यात शोकांतिका कसली, मला कळलेलं नाही. अर्थात मला रोज रिक्षा चालवावी लागत नाही, हेही खरं.

पैशांचा विषय तू पत्राच्या शेवटी, पुसट अक्षरात काढलास. तो मी मधोमध आणते. २०१७ साली बालकामगारांच्या नियमांत दुरुस्ती झाली. बालकलाकाराच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे, ते सज्ञान झाल्यावर त्याला मिळायचे. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही. तुझी मालिका त्याआधीच संपली, त्यामुळे कायद्यानं बाजूला काढलेलं काही सापडेल अशी आशा धरू नकोस. मागमूस मात्र सापडेल. मुलानं स्वतःच्या कलेवर मिळवलेलं उत्पन्न आयकरात आईबापांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, मुलाचंच धरतात. म्हणजे बहुधा तुझं पॅन कार्ड दुसरी-तिसरीतच निघालं असेल, आणि नव्वद-नव्वद दिवसांनी येणारे ते चेक टीडीएस कापून आले असतील.

बाबांना जाब विचारू नकोस. 'तेव्हाचे कागद एकदा दाखवा, मला समजून घ्यायचंय,' एवढंच म्हण, आणि आई घरात असताना म्हण. निघेल ते बहुधा असं की पैसे डाउन पेमेंटमध्ये, हप्त्यांत आणि नोकरी सुटल्यानंतरच्या वाणसामानात गेले. तुला राग येईल. येऊ दे. ज्या घरात बसून तुला बाबांचं ऋण वाटतं, त्या घराचे पैसे चौथीतल्या मुलानं कमावलेत. घराच्या कागदांवर तुझं नाव आहे का ते बघ. नसेल तर लावता येईल का, हे तिघांनी मिळून वकिलाकडे जाऊन विचारा. हे मागताना लाजू नकोस.

राहता राहिला तुझा प्रश्न. गेली चार वर्षं जे चाललंय ते सोड. प्रोफाइलमधला खळीवाला फोटो काढून टाक, मालिकेचं नाव शेवटच्या ओळीत घाल. राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारी एखादी हौशी संस्था गाठ. तालमी तीन महिने, पैसे शून्य. दोन वाक्यांचं काम मिळालं तरी घे, सेट उचलायला सांगितला तर उचल. तिथं कुणी सेल्फी मागणार नाही. तीन महिन्यांनंतरही संध्याकाळी तालमीकडे पाय वळत असतील तर पुढे जा. कंटाळा आला तर तेही लिहून कळव, मला वाईट वाटणार नाही. पुढे नीट शिकायचं ठरलं तर मुंबई विद्यापीठाची कलिन्यातली थिएटर ॲकॅडमी काय किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, एनएसडी काय, पदवी लागते. तुझ्या दोन केटी तिथं आडव्या येतील.

चौथ्या पानावर कंसात एक वाक्य आहे. गेल्या वर्षी दोन दिवसांचं काम मिळालं, तेव्हा सेटवरची छोटी मुलगी मार्कवर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी ठरवलेल्या जागेवर, उभी राहताना घाबरत होती, तू तिला जमिनीवरच्या चिकटपट्टीवर लंगडी घालायला लावलंस. नियमांप्रमाणे दर पाच बालकलाकारांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. सेटवर मूल असणं म्हणजे काय हे आतून माहीत असलेली किती माणसं या कामाला मिळत असतील? हेच कर असं मी म्हणत नाही. ते वाक्य कंसातून मात्र बाहेर काढ.

शेजारच्या काकांना 'बीकॉम पुरं करतोय' असं सांग. इतकं कंटाळवाणं उत्तर आहे की पुढचा प्रश्न येत नाही. फक्त ते खरं असायला हवं. उद्या कॉलेजात जाऊन परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख बघून ये, ती चुकली तर पुन्हा सहा महिने थांबावं लागेल.

तुझी,
मावशी