मार्चमध्ये घेतलेला टॅब ऑक्टोबरात जुना झाला, ही फसवणूक नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या चित्रकलेसाठी मार्चमध्ये पेनासकट महागातला टॅब घेतला, ऑक्टोबरात त्याच कंपनीने जवळपास त्याच किमतीत नवा आणला. ही फसवणूक नाही का, कंपन्या असं का करतात, आणि आता हा विकून नवा घ्यावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचे पैसे तिथे जायचेत. विकू नका. पुण्यात तपकीर गल्लीत माझं टॅब-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, जुन्या मालाची देवघेवही करतो. सात महिने वापरलेला टॅब घेऊन तुम्ही आलात तर मी बिल आहे का, बॉक्स आहे का, बॅटरी कशी आहे, हे विचारून जो आकडा सांगेन तो ऐकून तुम्ही इथे दुसरा प्रश्न टाकाल. नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव पहिल्या आठवड्यातच उतरतो. तो उतरून झालाय. आता विकलंत तर ते नुकसान तुम्ही स्वतःच पक्कं कराल, ठेवलंत तर ते कागदावरच राहील.

आता राग. तुमच्यासारखाच मार्च आणि तुमच्यासारखाच ऑक्टोबर 2012 साली होता. ॲपलने 7 मार्च 2012 ला तिसरा आयपॅड जाहीर केला. पडद्यावरचे ठिपके आधीच्यापेक्षा चौपट, 2048 बाय 1536, त्या काळात डोळे दिपतील असा डिस्प्ले. आणि 23 ऑक्टोबरला, पहिल्या छोट्या आयपॅड मिनीसोबतच, चौथा आला. वेगवान चिप, शिवाय चार्जिंगची पिनच बदलली. जुन्या रुंद पिनच्या जागी छोटी लायटनिंग. तिसरा सरळ दुकानातून काढूनच टाकला. घरात पडलेले रुंद पिनचे स्पीकर, डॉक, गाडीतले चार्जर, सगळे नव्यासाठी वेगळ्या ॲडॅप्टरशिवाय बिनकामाचे. लोक भडकले, आणि त्यात नवल नाही.

घाईचं कारण तांत्रिकही होतं. चौपट ठिपके हलवायला तिसऱ्यातली चिप मोठी करावी लागली, ती जुन्या पद्धतीने बनलेली असल्याने तापायची, आणि तिला पोसायला 42.5 वॉट-तासांची बॅटरी घालावी लागली. म्हणून तो दुसऱ्या आयपॅडपेक्षा जाड आणि जड झाला, आणि चार्ज व्हायला रात्र घ्यायचा. पडदा पुढे गेला, चिप मागे राहिली. चौथ्यात ती दुरुस्ती झाली. म्हणजे मार्चवाल्यांनी अर्धवट भाजलेली भाकरी घेतली, हे खरंच आहे.

पण गोष्ट तिथे सोडून चालत नाही. पुढे काय झालं ते बघा, कारण सगळे ऑक्टोबर 2012 पर्यंतच सांगतात. तिसऱ्या आयपॅडला सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सप्टेंबर 2016 पासून मिळायची बंद झाली, ॲपलच्या आयओएस 9 या सिस्टीमवर तो थांबला. चौथा एक वर्ष पुढे गेला, सप्टेंबर 2017 ला तोही थांबला. म्हणजे थांबण्याच्या तारखेत एक वर्षाचा फरक, आणि बाजारात आल्यापासून मोजलं तर एकाला साडेचार, दुसऱ्याला जवळपास पाच वर्षं. शेवटच्या काळात तिसरा रडतखडत चालायचा, हे लपवत नाही, पण चालायचा.

आता तिसरी व्यक्ती घ्या. तिसरा आयपॅड दुकानातून गेला, पण त्याच्याही आधीचा दुसरा, 2011 चा, मार्च 2014 पर्यंत नवाकोरा सीलपॅक विकला जात होता. अमेरिकेत 399 डॉलरना. तीन वर्षं जुनं मॉडेल! तोही सप्टेंबर 2016 लाच थांबला. म्हणजे ज्याने फेब्रुवारी 2014 मध्ये दुकानात जाऊन 'स्वस्तातला चांगला' म्हणून तो घेतला त्याला अडीच वर्षं मिळाली. आणि ज्याची सगळ्या जगाने कीव केली त्या मार्च 2012 वाल्याला साडेचार. त्या फेब्रुवारीवाल्यासाठी कोणी ओरडलं नाही, कारण त्याच्या नाकासमोर कोणताही समारंभ झाला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. नवं मॉडेल आल्याने तुमचा टॅब जुना होत नाही. तो जुना होतो त्याची तारीख वेगळीच असते, आणि ती खोक्यावर छापलेली नसते. राग त्या न छापलेल्या तारखेवर काढा.

भारतात तर याहून वाईट झालंय. पहिला आयपॅड अमेरिकेत 3 एप्रिल 2010 ला विक्रीला आला. आपल्याकडे अधिकृतपणे आला जानेवारी 2011 च्या शेवटी, सुरुवातीची किंमत 27,900 रुपये. 2 मार्चला दुसरा जाहीर झाला आणि एप्रिलअखेर तो भारतात मिळायलाही लागला. पहिल्यात कॅमेरा नव्हता, रॅम फक्त 256 एमबी. सप्टेंबर 2012 मध्ये आयओएस 6 आलं तेव्हा पहिल्याला वगळलं. जानेवारी 2011 मध्ये रांग लावून घेतलेल्या माणसाला दोन वर्षंही मिळाली नाहीत. इथे नुकसान दुसरा आयपॅड पाच आठवड्यांत जाहीर झाला म्हणून झालं नाही. इथे यायला दहा महिने उशीर झालेली, मुळातच कमी रॅमची वस्तू पूर्ण भावाने विकली, म्हणून झालं.

अँड्रॉइडमध्ये ही न छापलेली तारीख आणखी लपलेली असते. टॅबवर जिचं नाव असतं ती कंपनी चिप बहुतेक वेळा दुसऱ्याकडून घेते. त्या चिपसाठी लागणारा आतला सॉफ्टवेअरचा भाग चिपवाला पुरवतो. त्याने ती चिप बाजूला टाकली की टॅबवाल्याला नवं अँड्रॉइड बसवणं महागात पडतं, आणि स्वस्त टॅबसाठी तो खर्च कोण करणार? 2020 मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा 2 जीबी रॅम आणि 32 जीबी स्टोरेजचे टॅब घराघरात गेले. त्यातल्या कितीतरींवर घेतलं त्या दिवशीच एक-दोन आवृत्त्या मागचं अँड्रॉइड होतं. ते आजही माझ्याकडे येतात. तक्रार एकच, 'हँग होतो'. डिस्प्ले चांगला, बॉडीला ओरखडा नाही, बॅटरीही बरी. आई-वडिलांना वाटतं दुरुस्त होईल. यात दुरुस्त करायला काही बिघडलेलंच नसतं. सिस्टीम आणि ॲप्सनी स्टोरेज गिळलंय, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, वाढवता येत नाही.

संथ होणं प्रत्येक वेळी मुद्दामही नसतं. गूगलचा 2012 चा नेक्सस 7 आठवत असेल. काही महिन्यांत तो रेंगाळायला लागला. मोठं कारण होतं स्टोरेज: खोडलेल्या फायलींची जागा खरंच मोकळी झाली आहे हे सिस्टीम त्या मेमरीला नीट सांगतच नव्हती. पुढच्या वर्षी अँड्रॉइड 4.3 मध्ये ती सोय आली आणि तोच टॅब सुधारला. नंतर अँड्रॉइड 5 ने त्याला पुन्हा झोपवला. एकाच कंपनीच्या एका अपडेटने उठवला आणि दुसऱ्याने पाडला, त्यामुळे 'अपडेट करूच नका' किंवा 'करत राहा' असा सरसकट सल्ला देणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

कंपन्या असं का करतात? मला दिसतं ते असं. टॅब लोक फोनसारखा बदलत नाहीत. तो खिशातून पडत नाही, रोज चार वेळा चार्ज होत नाही, घरात सोफ्यावर सात-सात वर्षं पडून असतो. ॲपलने 2013 च्या आर्थिक वर्षात 7 कोटी 10 लाख आयपॅड विकले, दोन वर्षांत तोच आकडा साडेपाच कोटींच्या आत आला. वस्तू वाईट होती म्हणून नाही. ज्यांना हवा होता त्यांनी घेतला आणि तो टिकला. मग विकायचं काय? प्रो, एअर, मिनी, साधा अशा चुली वेगळ्या केल्या, एकाचं पेन-कीबोर्ड दुसऱ्याला चालेलच असं ठेवलं नाही, आणि ख्रिसमसच्या खरेदीआधी काहीतरी नवं दाखवायचं ठरवलं. आपल्याकडे तेच दिवाळीच्या सेलला सापडतं. सगळं वेळापत्रकाने होत असतं, म्हणून ऑक्टोबर.

आणि म्हणूनच माझा खरा राग मॉडेलवर नाही, पेनावर आहे. टॅबच्या जोडीच्या वस्तू ज्या पद्धतीने बाद केल्या जातात त्याला मी लबाडी म्हणतो. 2018 मध्ये दुसरं ॲपल पेन्सिल आलं, टॅबच्या कडेला लोहचुंबकाने चिकटून चार्ज होणारं. दहा हजारांच्या वरची वस्तू. मे 2024 मध्ये नवे आयपॅड प्रो आणि एअर आले, आणि त्यांच्यावर हे पेन्सिल चालतच नाही. पुढचा कॅमेरा लांब बाजूला नेला, चुंबकांची जागा बदलली, तिथे जुनं पेन्सिल चार्ज होत नाही. कारण पटण्यासारखं असेलही. पण जुन्या एअरवरून नव्या एअरवर जाणाऱ्याने टॅबसोबत पेनाचेही पैसे पुन्हा मोजायचे. त्याआधी 2022 चा दहावा साधा आयपॅड तर कहरच होता: टॅबला यूएसबी-सी पिन, त्यावर चालणाऱ्या पहिल्या पेन्सिलला लायटनिंग, आणि दोघांची गाठ घालायला वेगळा ॲडॅप्टर! ॲपलचीच उदाहरणं देतोय कारण तारखा सगळ्यांना माहीत आहेत; बाकीचे धुतल्या तांदळाचे नाहीत.

फसवणुकीचं म्हणाल तर कायद्याने नव्या मॉडेलची तारीख न सांगणं ही फसवणूक ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 तुमच्या कामी येईल तो दुकानदाराने खोटं सांगितलं असेल तर: उघडलेला पीस सीलपॅक म्हणून दिला, 'पाच वर्षं अपडेट' असं जाहिरातीत लिहिलं आणि दिलं नाही, वॉरंटीत असताना टाळाटाळ केली. अशा वेळी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. 'यांनी सात महिन्यांनी नवा आणला' ही तक्रार तिथे टिकणार नाही.

युरोपने मात्र नेमकी जागा धरली. 20 जून 2025 पासून तिथे लागू झालेल्या नियमांत फोनसोबत टॅबही आहेत. शेवटचा पीस बाजारात आल्यापासून निदान पाच वर्षं सिस्टीमचे अपडेट, आणि मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग. पाच वर्षं मोजायची ती मॉडेल जाहीर झाल्यापासून नाही, विक्री थांबल्यापासून. वर सांगितलेल्या फेब्रुवारी 2014 वाल्याला हाच नियम वाचवू शकला असता. कोणीतरी दुकानात उभं राहून विचार केलाय असं वाटतं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राईट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची सर्व्हिस आणि सुट्या भागांची माहिती मिळते. चांगलंच आहे, पण माहिती देणं आणि सक्ती करणं यात फरक आहे. माझ्या टेबलावर आजही टॅब पडून राहतात ते कॉम्बो, म्हणजे डिस्प्ले आणि टचची एकत्र काच, मिळत नाही म्हणून. फोनचे कॉम्बो गल्लीत कुठेही मिळतात. टॅबचे, त्यातही कमी खपलेल्या मॉडेलचे, मागवावे लागतात, आणि ते येईपर्यंत गिऱ्हाईक नवा घेऊन मोकळं होतं.

पुढच्या वेळी टॅब घेताना 'नवा कधी येणार' हे विचारू नका, दुकानदाराला ते माहीत नसतं. हे मॉडेल बाजारात कधी आलं आणि कंपनीने कुठल्या सालापर्यंत सिक्युरिटी अपडेट द्यायचं लेखी कबूल केलंय, हे कंपनीच्या साइटवर बघा. त्यातून जी वर्षं उरतात त्यांनी किंमत भागा. गेल्या वर्षीचं वरच्या दर्जाचं मॉडेल, नवं आल्यावर उतरलेल्या भावात, या हिशेबात बऱ्याचदा नव्या मधल्या मॉडेलला हरवतं. म्हणजे ज्या उतरलेल्या भावाचा तुम्हाला आज राग आलाय त्यानेच पुढच्या वेळी तुमचे पैसे वाचतील.

मुलगी चित्रं काढते म्हणालात, तर दोन कामं लगेच करा. पेनाची टोकं झिजतात. त्याच मॉडेलची जादा टोकं आणि परवडत असेल तर एक जादा पेन आत्ताच घेऊन ठेवा. बाजारातून आधी टॅब जात नाही, त्याच्या जोडीच्या वस्तू जातात, आणि मग त्या दुप्पट भावाने शोधाव्या लागतात. दुसरं, टॅब रात्रभर चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू देऊ नका. टॅबची बॅटरी डिस्प्लेमागे गोंदाने चिकटवलेली असते. ती फुगली की आधी डिस्प्ले उचलतो, आणि ते काम माझ्याकडेही स्वस्तात होत नाही.