शेजाऱ्यांची भिंत आणि आमची ढासळती कड

प्रश्न : आमचं घर समुद्राला लागून आहे. १२ वर्षांपूर्वी जागा घेतली तेव्हा मागच्या पायरीपासून कडेपर्यंत ३० पावलं भरायची, आता १७ भरतात. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी काँक्रीटची उभी भिंत घातली. त्यांचं अंगण शाबूत आहे, पण भिंत जिथे संपते तिथे आमच्या बाजूला मोठी खोबण पडली आहे. यजमान म्हणतात, त्यांच्या भिंतीला जोडून आपणही तशीच घालू. ठेकेदार उद्या काम सुरू करायला तयार आहे. घालावी का? सोबत फोटो पाठवते आहे.

उत्तर : ताई, ठेकेदाराला थोडं थांबवा. तुमचा तिसरा फोटो मी भिंग घेऊन पाहिला. कडेपासून हातभर आत, कडेला समांतर अशी एक बारीक भेग गेली आहे. आणि कडेच्या अंगावर, निम्म्या उंचीला, मातीचा एक पट्टा ओला, काळपट दिसतो. फोटो ओहोटीचा आहे, वरची माती कोरडी ठणठणीत आहे. म्हणजे हा ओलावा लाटेचा नसावा, तुमच्याच आवारातून झिरपत येणारं पाणी असावं. लाट समोरून पाय ओढते आहे आणि हे पाणी मागून ढकलतं आहे. भिंतीचं नंतर बघू.

हे मी शहाणपणाने नाही, फजितीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका घरासाठी अशीच भिंत बांधली. लाटांचा हिशेब चोख केला, भिंत चांगली जाड केली. मागे भराव म्हणून तिथलीच चिकणमाती लोटली. निचऱ्याची भोकं नकाशात होती, प्रत्यक्षात राहून गेली, आणि मी जाऊन मोजली नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात पाणी रात्रभर मागे तुंबलं. सकाळी भिंत समुद्राकडे पालथी पडली होती. समुद्र त्या दिवशी तळ्यासारखा शांत. मालक एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता शेजाऱ्यांची भिंत. पुळणीवर लाट चढते, पसरते, दमते. उभ्या भिंतीशी तिला दमायला जागाच मिळत नाही. ती आपटून तशीच माघारी फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उपसून नेते. ओहोटीला जाऊन बघा, त्यांच्या भिंतीचा पूर्वी वाळूत झाकलेला भाग उघडा पडलाय का. पडला असेल तर त्यांना सांगा. भांडायला नव्हे, त्यांचीच भिंत पायातून जाईल म्हणून. टोकाशी लाट वळसा घालून आत शिरते, तुमची खोबण त्यातली. शिवाय वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने वाहत असते. तो प्रवाह त्यांच्याकडून तुमच्याकडे असेल, तर पूर्वी त्यांच्या कडेची ढासळलेली माती तुमच्या पुळणीला मिळायची, ती रसद भिंतीने तोडली. तुम्ही भिंत पुढे वाढवलीत की खोबण पलीकडच्या घरापाशी सरकेल आणि दोन वर्षांनी त्यांचं पत्र मला येईल.

तेव्हा आधी पाणी आवरा. छपराचं आणि अंगणाचं पाणी पाइपने कडेपासून लांब न्या. शोषखड्डा कडेच्या बाजूला असेल तर तो हलवा. कडेलगतच्या झाडांना नळी लावून ठेवणं बंद.

मग संरक्षण घालायचंच ठरलं, तर उभ्या भिंतीऐवजी दगडांचा उतार बरा. एक मीटर उंचीला साधारण दोन मीटर पसारा. ओबडधोबड दगडांच्या फटींत लाट शिरते, फुटते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. पण थेट मातीवर दगड रचू देऊ नका. खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर खडी, त्यावर मोठे दगड. कापड नसेल तर प्रत्येक लाट फटीतून थोडी माती चोखून नेते आणि दगड हळूहळू खाली बसतात. वरून सगळं ठीक दिसतं, आत पोकळी झालेली असते. पायथ्याचे दगड पुळणीच्या खाली पुरा आणि दोन्ही टोकं जमिनीत आत वळवून घ्या.

दगड केवढा, हे ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नका. लागणारं वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं : लाट दुप्पट, तर दगड आठपट. शेजारच्या खाडीत टिकलेला दगड उघड्या समुद्रावर गोटीसारखा घरंगळतो. किनाऱ्यावरच्या बांधकामाला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते, ती कामाआधी घ्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि निर्णय तिच्यावरच आहे. गेलेल्या १३ पावलांपैकी शेवटच्या दोन वर्षांत किती गेली? तीन-चार असतील तर वेळ आहे. आठ-नऊ असतील तर दगडाच्या खर्चाशेजारी घर मागे घेण्याचा खर्चही मांडून बघा. हसू नका. अमेरिकेतलं केप हॅटेरसचं दीपगृह १८७० साली उभं राहिलं तेव्हा समुद्र साडेचारशे मीटर दूर होता. शंभर वर्षांत तो चाळीस मीटरच्या आत आला. तिथे आडवे बांध घातले, वाळूच्या गोण्या रचल्या, वाळूचा भराव टाकला. शेवटी १९९९ साली ते अख्खं विटांचं दीपगृह रुळांवरून सुमारे ८८० मीटर आत नेलं. निदान नवी खोली काढायची असेल तर रस्त्याच्या बाजूला काढा.

आजच कडेपासून आत ओळीने खुंट्या ठोका, दर दोन मीटरला एक. दर पंधरवड्याला आणि प्रत्येक उधाणानंतर मोजून तारखेसह वहीत लिहा. खुंट्या मोजायला जाल तेव्हा त्या भेगेच्या पलीकडे उभ्या राहू नका. तो तुकडा आता जमीन नाही.

प्रश्न : तळ्याकाठच्या जागेची धूप होते. घर पाडल्याचा राडारोडा फुकट मिळतो आहे, तो काठावर टाकला तर? की गवत लावू?

उत्तर : राडारोडा नको. विटा आणि प्लास्टर पाण्यात विरघळल्यासारखे झिजतात, काँक्रीटचे चपटे तुकडे घसरतात, आणि त्यातल्या सळ्या उद्या पोहणाऱ्या पोरांच्या पायात घुसतात. फुकटचा माल उचलून न्यायला पैसे पडतील. तळ्याच्या लहान लाटांना गवत आणि काठावरची लव्हाळी पुष्कळ झाली, पण मुळं वरची माती धरतात, पायथा नाही. पायथ्याशी दगडाची एक ओळ बसवा, तिच्यामागे लागवड करा, आणि मुळं धरेपर्यंत गुरांना व होडीला तिथे येऊ देऊ नका.